आमच्या पत्र्यावरचा मंगळ

आमचं घर पत्र्याचं. उन्हाळ्यात दुपारी आत बसवायचं नाही आणि पावसाळ्यात आत बोललेलं ऐकू यायचं नाही. शहादा तालुक्यात, कळसाडीच्या अलीकडे, नाल्याकाठी आमची थोडी जमीन होती, पण ती नावालाच. पाऊस झाला तर पिकायची, नाही झाला तर तिच्यात शेजाऱ्यांची गुरं चरायची. म्हणून नाना, म्हणजे माझे वडील, दुसऱ्यांच्या उसाला पाणी भरायला जायचे. वीज येईल तेव्हा त्यांचं काम सुरू व्हायचं, त्यामुळे त्यांच्या झोपेला वेळ असा नव्हताच. माय कापूस वेचायला जायची. बोंडांच्या टोकांनी तिची बोटं इतकी खरबरीत झाली होती, की गालावरून हात फिरवायचा झाला तर ती हाताची मागची बाजू फिरवायची. मला वाटायचं सगळ्यांच्या आया तशाच फिरवतात.

माझी मोठी बहीण माझ्याहून हुशार होती. हे मी नम्रपणा म्हणून लिहीत नाही, खरंच होती. पण दहावीनंतर तिला तालुक्याला पाठवायला घरात कोणाला धीर झाला नाही. ती मायबरोबर कापसात गेली, अठराची झाली तशी उजवली. तिच्यानंतर नंबर माझा, हे कोणी बोलून दाखवत नव्हतं. पण मिरची वाटताना मायच्या हाताचा वेग वाढला, की मी समजायचे, आज कोणीतरी स्थळ सांगून गेलंय.

अशा दिवसांत आम्हाला बोरसे सर भेटले.

बोरसे सर आमच्या हायस्कूलचे पी.टी.चे सर. गळ्यात लाल दोरीची शिट्टी, ती लग्नातही काढत नसत. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. बुटांना लावायची सफेदी तालुक्याला मिळायची आणि सरांना तालुक्याला जायचा कंटाळा, म्हणून ते फळ्याखालचे खडूचे तुकडे पाण्यात भिजवून बुटांना फासत. दवातून चालले की मैदानभर त्यांची पांढरी पावलं उमटायची. पी.टी.च्या सरांना असावं त्याहून मोठं पोट त्यांना होतं. एकदा कोणीतरी मागच्या रांगेतून त्यावर खुसखुसलं. सर शांतपणे म्हणाले, "पोट मन्हं शे, कवायत तुमनी शे. सावधान!"

सर शाळेत पहिली दोन वाक्यं शुद्ध मराठीत बोलायचे. तिसऱ्या वाक्याला अहिराणीत उतरायचे आणि मग तपासणीचे साहेब आले तरी सहसा वर चढायचे नाहीत.

आमचे भूगोलाचे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा रिकामी राहिली. मुख्याध्यापकांनी विचार केला, भूगोल म्हणजे तसा मैदानाचाच विषय, आणि तास बोरसे सरांना दिला. पहिल्या तासाला सरांनी पुस्तक उघडलं. ग्रहांचं पान निघालं. त्यांनी ते सरळ धरून पाहिलं, उलटं धरून पाहिलं, आणि मिटलं.

"हाई आत बशीसन कसाले शिकाडू? हाई तं बाहेर शे!"

त्या दिवसापासून थंडीत शाळा सुटल्यावर आकाशाचा तास सुरू झाला. दिवस मावळला की आम्ही मैदानात. तास संपला की सर मुलींना दोन रांगांत उभं करून घरोघर पोचवायचे, प्रत्येक कोपऱ्यावर शिट्टी. गावातली कुत्री आधी भुंकायची. नंतर तीही रांगेच्या मागून चालायला लागली. सर म्हणायचे, "ही शिस्त शे. तुमनापेक्षा लवकर शिकनात."

सरांना आकाशाचं काय येत होतं, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर असं, की आमच्यापेक्षा एक दिवस जास्त येत होतं. आदल्या संध्याकाळी ते स्वतः बघायचे, वाचायचे, कोणाला तरी फोन करून विचारायचे, आणि दुसऱ्या दिवशी जन्मापासून माहीत असल्यासारखं सांगायचे. पण सांगायची तऱ्हा त्यांची होती. त्यांनी आम्हाला खो-खोच्या पाटीवर बसवलं, चौकोनाचौकोनांत.

"बठेल शेतस त्या तारा. ताऱ्यासनी जागा सोडानी नही. पळस तो ग्रह. अश्विनी, ऊठ. तू शुक्र."

मी उठले. सर म्हणाले, "नाव नक्षत्राचं आणि पळणं म्हशीचं. पळ!" मी बसलेल्या मुलांमधून पळाले. आधी मी गणेशजवळ, थोड्या वेळानं मनीषाजवळ, मग पाटीच्या टोकाला. "दखा," सर म्हणाले, "आज ज्या ताऱ्याजोडे शे, आठ दिवसमा तठे नही. असा जागा बदलस त्याले ग्रह म्हनो. आनि पळस तो बी मैदानभर नही. सूर्य ज्या पट्टीवरथून गया, त्याच पट्टीवरथून. ध्रुवाकडे जाईसन ग्रह शोधी ऱ्हायना कोनी, तं त्याले मन्हाकडे पाठवा."

हे मी पुढे कॉलेजात इंग्रजीतून शिकले. तिथे त्याला लांबलचक नाव होतं. परीक्षेत ते नाव लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे खो-खोची पाटीच होती.

प्रत्येक ग्रहाबद्दल सरांचं स्वतंत्र मत होतं. बुध म्हणजे हजेरी झाली की मागच्या खिडकीतून पसार होणारा पोरगा. दिसला तर दिसला, नाहीतर सूर्याच्या मागे दडून बसलेला. गुरूबद्दल विचारलं तर म्हणायचे, "गुरू म्हणजे मी नाही. तो माझ्यापेक्षा चमकतो. पण पोट त्याचंही मोठंच आहे." आणि शनीला कोणी घाबरलेलं त्यांना खपायचं नाही. "एवढा हळू चालणारा गडी तुमचं काय वाकडं करणार? तो तुम्हाला आऊट करायला येईपर्यंत मॅच संपून लोक घरी जेवायला गेलेले असतात."

तारा आणि ग्रह ओळखायची त्यांची सगळ्यात पक्की खूण मात्र वेगळी होती. "डोळा मारस तो तारा. टक लाईसन देखस तो ग्रह." आणि मुलींकडे वळून, "एस.टी. स्टँडवर तुम्हाला दोन्ही भेटतील. दोघांपासून लांब राहायचं."

या वाक्यानं एकदा घोटाळा केला. वर्गातल्या एका मुलीनं घरी जाऊन ते तसंच्या तसं म्हणून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तिचे काका मुख्याध्यापकांपुढे उभे, की सर पोरींना डोळा मारायचं शिकवतात. मुख्याध्यापकांनी साक्षीला मला बोलावलं, कारण मी पहिल्या बाकावर बसायचे.

"बोरसे सर काय शिकवतात?"

"ग्रह ओळखायला, सर."

"डोळा मारण्याचं काय ते?"

"तारा डोळा मारते असं म्हणाले, सर." घाबरून माझ्या तोंडून 'मारतो'चं 'मारते' झालं.

मुख्याध्यापक ताठ झाले. "तारा? ही तारा कोण? कोणत्या वर्गात आहे?"

दाराबाहेर उभे असलेले बोरसे सर आत आले. अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "साहेब, तारा एक नाही, पुष्कळ आहेत. आणि एकीचंही नाव आपल्या हजेरीत नाही." काकांना आधी कळलं, ते हसायला लागले. मुख्याध्यापकांना कळायला चहा यावा लागला. त्या संध्याकाळी ते काका आकाशाच्या तासाला आले आणि गुरूला अर्धा तास टक लावून बघत बसले.

सर चुकायचे नाहीत असं नाही. चांगले चुकायचे. एका हिवाळ्यात त्यांनी आम्हाला मंगळ दाखवला. उत्तरेकडे शेतांच्या पलीकडे, लालभडक, अजिबात न लुकलुकणारा. आम्ही रोज त्याला बघायचो. सर त्याच्यावर भाषण करायचे, हा लढाऊ गडी, हा तापट, याच्या नादी लागू नये. मला एकच खटकत होतं. तो सूर्याच्या पट्टीवर नव्हता. आणि जागाही सोडत नव्हता.

"सर, हा पळत नाही."

"दमेल शे."

त्यानंतर दोनेक दिवसांनी ऐन तासात गावाची लाईट गेली. आम्ही आनंदानं ओरडलो, कारण अंधार झाला की तारे जास्त दिसतात. आणि बघतो तर मंगळही गेलेला. थोड्या वेळानं लाईट आली. गावात 'आली रे' झालं. आणि मंगळही आला.

तो मोबाईलच्या टॉवरवरचा दिवा होता.

दुसरा कोणी असता तर खोकला असता, घड्याळ बघितलं असतं, तास संपवला असता. सरांनी शिट्टी मारली. आम्हाला रांगेत उभं केलं. स्वतः समोर आले, दोन्ही कान धरले आणि उठाबशा काढायला लागले. पोटामुळे त्यांना खाली जाता येईना, गेले की वर येता येईना. आम्ही हसून हसून पाटीवर लोळलो. मोजायचं आमच्याकडे होतं, ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही, त्यामुळे सर काढतच राहिले. शेवटी धापा टाकत म्हणाले, "चूक मैदानात केली तर मैदानातच फेडायची. स्टाफरूममध्ये नेली की ती चहात विरघळून जाते." दुसऱ्या दिवशी त्यांनी शोधून काढलं, की खरा मंगळ त्या महिन्यात सूर्याच्या पाठीमागे होता, कोणालाच दिसणार नव्हता. तेव्हापासून कोणी उगाच चिडलं की सर म्हणायचे, "टॉवर शे रे हाऊ. लाईट गई की शांत."

मी दहावी झाले. शाळेलाच जोडून ज्युनिअर कॉलेज होतं, सायन्सही होतं, म्हणून अकरावी-बारावी गावातच झाली. सायन्स मी हट्टानं घेतलं. नानांनी नको म्हटलं नाही. त्यांच्या हिशेबी बारावी म्हणजे लग्नाआधी थांबायचं स्टेशन होतं. मला मात्र पुढे कॉलेजात जायचं होतं, पदवी घ्यायची होती. हे मी घरात बोलले नव्हते. बोरसे सरांना एकदा घरी पोचवतानाच्या रांगेत सांगितलं होतं. त्यांनी कोपरा नसताना शिट्टी वाजवली.

बारावीच्या त्या हिवाळ्यात स्थळ आलं. आत्याच्या ओळखीतलं. मुलाची नवापूरला पोल्ट्री होती, घर पक्कं, माणसं आपल्यातलीच. परीक्षा झाली की लगेच लग्न. परीक्षा नाही दिली तरी चालेल, असंही कोणीतरी म्हणालं. नानांच्या तोंडावर त्या आठवड्यात मी पहिल्यांदा विसावा बघितला. म्हणून तर मला बोलता येईना.

मी शाळेत जाऊन सरांना एवढंच म्हणाले, "सर, उद्या येणार नाही. पाहुणे येणारेत."

सर बूट रंगवत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

"किती वाजता?"

"दिवस मावळता."

"चहा राही ना?"

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मुलाचे वडील, त्याचे मामा आणि त्याच्या आत्याबाई. आत्याबाईंच्याच हातात सगळं आहे हे त्या खाटेवर कशा बसल्या त्यावरून कळत होतं. त्यांच्या मागोमाग सर आले, कोणी न बोलावता. "इकडूनच जात होतो, नाना," म्हणाले, आणि चहाच्या दिशेनं बसले. मी पोहे दिले, पाया पडले, नाव सांगितलं. आत्याबाईंनी चालायला लावलं, भाकरी येते का विचारलं. सगळं जमत चाललं होतं. मग त्या म्हणाल्या, "पत्रिका शे का पोरनी?"

नाना म्हणाले, "पत्रिका नही. जलमनी तवय कापसाले निंदनी चालू व्हती, तितलंच ध्यानमा शे."

आत्याबाईंनी पदर सावरला. "तसं आम्ही जास्त मानतस नही. पन मंगळबिंगळ तं नही ना पोरले?"

नाना 'नही' म्हणायला तोंड उघडतच होते.

"मंगळ?" बोरसे सर म्हणाले. "शे ना!"

खोलीत पोह्यांचा चमचा वाजायचा थांबला.

"शे?" आत्याबाई.

"शे म्हणजे! चांगला लाल शे. मी सोता दखाडेल शे तिले."

"तुमी? तुमी पत्रिका देखतस का?"

"पत्रिका नही. मी मंगळच देखस." सरांनी बशीतला चहा संपवला. "बाहेर चला. तुमले बी दखाडस."

आम्ही सगळे अंगणात. पूर्वेकडे तोंड केलं की समोर आमचंच घर येतं. डिसेंबर होता, दिवस नुकताच मावळलेला. आणि आमच्या पत्र्याच्या बरोबर वर, हात लावता येईल असा, मंगळ. त्या वर्षी तो जवळ आलेला होता, मोठा झालेला होता, निखाऱ्यासारखा. त्याच्याजवळच रोहिणीचा तांबडा तारा लुकलुकत होता. मंगळ मात्र टक लावून आमच्याकडे बघत होता.

"हाऊ देखा," सर म्हणाले.

आत्याबाईंनी तोंडावर पदर घेतला. "अय माय! घरवरच बठेल शे!"

"रोज संध्याकायले आठेच येस," सर म्हणाले. यात एक शब्द खोटा नव्हता.

मामांनी घसा साफ केला. "मंग... आठेच राहास का?"

"छे! राहास कोठे? तो चालू गडी शे. रातभर सरकस तिकडे," सरांनी हात पूर्वेकडून डोक्यावरून पश्चिमेला नेला, अगदी नवापूरच्या दिशेला. "पहाटे तुमनी पोल्ट्रीवर."

मुलाचे वडील पुढे सरकले. ते हळूच म्हणाले, "कोंबड्यासले काही व्हस का?"

"ते मला सांगता येणार नाही," सर शुद्ध मराठीत म्हणाले. "मी पी.टी.चा शिक्षक आहे."

पाहुण्यांनी दुसरा चहा घेतला नाही. गाडी नाल्याच्या वळणावर दिसेनाशी झाली आणि मग नाना सरांकडे वळले. मी नानांना तसं कधी बघितलं नव्हतं. ते ओरडले नाहीत.

"सर, तुमी काय कयं हाई? मी जिंदगीभर लोकेसना उसमा उभा राहेल शे. पोर तं सावलीमा बठती."

सरांनी शिट्टी हातात धरली आणि सोडली. "नाना, मी खोटं काय बोललो ते सांगा. त्यांनी मंगळ विचारला, मी मंगळ दाखवला. अंधश्रद्धा मी नाही आणली. ती त्यांनी नवापूरहून गाडीत घालून आणली होती." मग आवाज उतरला. "तरी हात जोडस, नाना. पोरले परीक्षा देऊ द्या. पास व्हयनी तं पुढे शिकू द्या. सावली तठे बी शे."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी. सगळं त्या अंगणात ठरणार होतं. तेवढ्यात माय, जी इतका वेळ कपबशा उचलत होती, पदराला हात पुसत पुढे आली आणि मला म्हणाली, "माले दखाड ना वं तो मंगळ. कोनता?"

मी दाखवला. डोळा मारतो तो रोहिणीचा तारा, टक लावतो तो मंगळ. ती बराच वेळ बघत राहिली. आम्ही उन्हाळाभर अंगणात झोपायचो, पण तिला वर बघायला कधी वेळ होता, मला माहीत नाही.

"हाऊ लाल कसा काय शे?"

"तिथल्या मातीत लोखंड आहे, माय. ते गंजलंय. आपल्या विळ्याला गंज चढतो ना, तसला तो लाल रंग."

"गंज?" हे नाना होते. त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. पाणी भरणारा माणूस. वाफ्यांची दारं मोडून, पाट वळवून, रात्रभर ओल्यात उभं राहून त्यांच्या फावड्याला जन्मभर गंज चढलेला. ते म्हणाले, "गंज शे, तं मंग तठे पानी व्हतं का?"

मी सरांकडे बघितलं. सरांनी दोन्ही हात वर केले, म्हणजे चेंडू तुझ्याकडे.

"होतं म्हणतात, नाना. नद्या वाहिल्याच्या खुणा आहेत. आता आटलंय."

"आटनं," नाना म्हणाले. नाल्याकाठच्या आपल्या जमिनीकडे बघावं तसं ते त्याच्याकडे बघत होते. "हाई तुले कोनी सांगं?"

"थोडं सरांनी. बाकी मी वाचलं."

नानांनी अंगणातल्या खाटेवरच्या चादरीची घडी घातली. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"परीक्षा देई टाक," ते म्हणाले. "पुढलं पुढे दखसूत."

सर त्या दिवशी शिट्टी न वाजवता गेले.

पुढे जे झालं ते मात्र सरांच्याही अंदाजात नव्हतं. आत्याबाईंनी गोष्ट वाटेतच वाटायला सुरुवात केली. आठवड्याच्या आत पंचक्रोशीत पसरलं, की नानांच्या पोरीला मंगळ आहे, आणि तोही साधासुधा नाही, घरावर येऊन बसणारा आहे. स्थळं यायची थांबली. उलट बायका यायला लागल्या, मंगळ बघायला. दिवस मावळला की आमच्या अंगणात माना वर. सरांना कळलं तसे तेही यायला लागले. सगळ्यांना रांगेत उभं करून, "पूर्वेले तोंड!" आणि सुरू. हा दगडमातीचा गोळा आहे, गंजलेला आहे, कोणाच्या नवऱ्याशी याचं काही देणंघेणं नाही.

एका म्हातारीनं विचारलं, "म्हणजे अश्विनीले मंगळ नही?"

"तिलेच नही, सगळ्यासले शे! तुमले बी शे, माले बी शे. वर देखा, सगळ्यासनाच शे!"

म्हातारी घरी जाऊन सांगायला लागली, की सरांच्या म्हणण्याप्रमाणे आख्ख्या गावालाच मंगळ आहे.

पण त्या हिवाळ्यात आमच्या आळीतल्या बायका ग्रह ओळखायला शिकल्या, हेही खरं. डोक्यावर गुरू, मावळतीकडे शनी, पूर्वेला आमचा मंगळ. धुण्याच्या दगडावर त्यावरून वाद व्हायचे. परीक्षा जवळ आली तसा मंगळ रोज थोडा वर, थोडा फिका व्हायला लागला. सर काळजीनं त्याच्याकडे बघून म्हणायचे, "टिक रे बाबा, पेपर होऊ दे." शेवटच्या पेपरच्या दिवशी शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "तुना मंगळ उतरना वं!" तोवर मी शहाद्याच्या कॉलेजची चौकशी करून आले होते. नाना बरोबर आले होते. कॉलेजच्या दारात त्यांनी चपला काढल्या होत्या. मी त्या परत घालायला लावल्या.

मी कॉलेजात गेले आणि सरांची बदली झाली, आमच्याच संस्थेच्या, वर डोंगरातल्या दुसऱ्या शाळेत, मोलगीच्या पुढे. निरोपाच्या कार्यक्रमात मुख्याध्यापकांनी त्यांना 'शिस्तप्रिय' म्हटलं, तेव्हा आम्ही सगळे खाली बघून हसलो.

त्यांना मी शेवटचं मोलगीला बघितलं. कॉलेजच्या शिबिरासाठी आम्ही तिकडे गेलो होतो. बाजाराचा दिवस, बाजार उठत आलेला. आमचूर विकून मोकळी झालेली माणसं जीपमध्ये कोंबली जात होती. आतली भरली, मग टपावर, मग मागे लोंबकळत. एका जीपच्या मागच्या पायरीवर सर उभे होते. एक हात दांडीला, दुसऱ्यात मिरच्यांची पिशवी. आतून त्यांच्या शाळेची पोरं गर्दीतून डोकी काढून बघत होती. केस पांढरे झाले होते, पोट तेवढंच होतं. मी धावत गेले. वाटलं, आता विचारतील, नाना कसे आहेत, अभ्यास कसा चाललाय. सरांनी मिरच्यांची पिशवी मावळतीकडे उचलली. डोंगराच्या वर शुक्र लखलखत होता, आणि त्याच्या वर अजून एक, फिका, पिवळसर.

"वरला तो. गुरू ना?"

"नाही सर, शनी आहे."

जीपमध्ये हशा पिकला. मागच्या सीटवरचा एक पोरगा दुसऱ्याला कोपरानं ढोसत म्हणाला, "मॅडम सरांना शनी म्हणाली!"

सर मात्र खूश. "ऐका रे! ही मन्ही विद्यार्थिनी, फिजिक्सवाली. कशावरून शनी, मॅडम? सांगा, पोरं ऐकताहेत."

जीप सुरू झाली होती. मी बाजूनं चालत सांगायला लागले, की गुरू असता तर याच्या कितीतरी पट चमकला असता, आणि गुरू आत्ता पूर्वेला आहे, तुमच्या पाठीमागे, मागे वळून बघा. सगळी जीप एकदम मागे वळली, ड्रायव्हरसुद्धा, आणि सर ओरडले, "तू नही रे, तू पुढे देख!" जीप वळणावर गेली. धुळीतून त्यांची पिशवी हलताना दिसली, मग तीही दिसेना.

गुरू पूर्वेला आहे हे त्यांना खरंच माहीत नव्हतं, की त्या पोरांपुढे मला बोलतं करायला त्यांनी मुद्दाम चूक केली, हे मला आजही सांगता येत नाही. पुन्हा भेट झाली नाही.

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले, प्रथम श्रेणीत. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली.